प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना व्यवसायाची ओळख कोठून करून द्यावी?

प्रश्न : गोदाकाठची शिक्षिका

नमस्कार. मी नाशिकमधील एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणामुळे प्रथम वर्षाला मुख्य विषयांच्या जोडीने कौशल्याधारित अभ्यासक्रम आले आहेत. त्यांतील दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा), म्हणजे ३० तासांचा, व्यवसायाची मूलतत्त्वे आणि व्यावसायिक कौशल्ये हा भाग यंदा माझ्याकडे आला आहे. वर्गात ८० विद्यार्थी आहेत. निम्मे पंचवटी, सिडको, सातपूर या भागांतले आणि उरलेले दिंडोरी, निफाड, पेठकडून रोज एसटीने येणारे. काहींनी अकरावीपासून जमाखर्च शिकलेला आहे, तर काहींनी रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची वही) हा शब्दही ऐकलेला नाही.

गेल्या वर्षी मी प्रत्येक गटाला व्यवसायाचा आराखडा सादर करायला सांगितला होता. १६ गटांपैकी ११ गटांनी कॅफे काढला. चित्रे देखणी होती, नावे आकर्षक होती आणि नफा सर्वांनाच पहिल्या महिन्यापासून होत होता. एका गटाला मी विचारले की, दुकानाची अनामत आणि पहिल्या महिन्याचे भाडे कोणाच्या खिशातून जाणार? त्यावर “इन्व्हेस्टर देईल, मॅडम” असे उत्तर आले, आणि वर्गात कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. त्या दिवशी मला उमगले की, नियोजन, संघटन, नियंत्रण यांच्या व्याख्या त्यांना मुखोद्गत आहेत. मात्र पैसा धंद्यात कसा शिरतो आणि कसा बाहेर पडतो, याचे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर नाही. व्यावसायिक कौशल्यांच्या नावाखाली आम्ही एक पाहुणे व्याख्यान ठेवले होते, त्यात टाय कसा बांधावा आणि हस्तांदोलन कसे करावे एवढेच झाले.

माझा प्रश्न असा की, ३० तासांत सुरुवात कोठून करावी आणि काय निःसंकोचपणे वगळावे?

उत्तर १ : सातपूरकर

मॅडम, मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हिशेब आणि खरेदी या दोन्ही विभागांत नोकरी करून निवृत्त झालो. माझे मत विचाराल तर पहिल्या तासाला व्याख्या नको, एक खरे बिल द्या. त्यावरचा १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक वाचायला सांगा. आरंभीचे २७ म्हणजे महाराष्ट्र, पुढची दहा अक्षरे म्हणजे विक्रेत्याचा पॅन. मग विचारा की, हाच माल सातपूरहून पुण्याला गेला तर बिलावर केंद्राचा आणि राज्याचा असे दोन कर वेगवेगळे दिसतात, आणि गुजरातमधील वापीला गेला तर आयजीएसटी (एकात्मिक कर) हा एकच का दिसतो? एका कागदावरून विक्रेता, ग्राहक, कर, वाहतूक आणि उधारीची मुदत एवढे सगळे समोर येते.

पण खरी गोम त्या मुदतीत आहे. विक्री झाली म्हणजे पैसे आले, असे वर्गातील बहुतेक मुले गृहीत धरतात. त्यांना फळ्यावर पुढील उदाहरण करून दाखवावे. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत आणि कर बाजूला ठेवला आहे. एक छोटा वर्कशॉपवाला दरमहा ५ लाखांचे सुटे भाग बनवतो. महिन्याच्या आरंभी ३ लाखांचा कच्चा माल ३० दिवसांच्या उधारीवर घेतो, मजुरी आणि इतर खर्च १ लाख रोख देतो, बिल महिनाअखेर लावतो आणि मोठा कारखाना त्याला ९० दिवसांनी पैसे देतो. तीन महिने संपले तेव्हा वहीत नफा ३ लाख दिसतो. प्रत्यक्षात त्याने दोन महिन्यांच्या मालाचे ६ लाख आणि मजुरी-खर्चाचे ३ लाख, असे ९ लाख बाहेर घातलेले असतात आणि आत एक रुपयाही आलेला नसतो. कामे भरपूर असूनही कुलूप लागलेली वर्कशॉप मी पाहिली आहेत. त्यांच्या मालकांना यंत्रावरचे काम उत्तम येत होते; खेळते भांडवल, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा, कधी आटते, हे कोणी सांगितलेले नव्हते.

याच ओघात कायदाही सांगता येईल. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, तेही महिन्याच्या चक्रवाढीने, व्याज लागू होते. आता मुलांना विचारा की, हा पुरवठादार ते व्याज मागेल का? बहुधा मागणार नाही, कारण पुढची ऑर्डर त्याच दारातून यायची असते. कायदा आणि व्यवहार यांतील हे अंतर अठराव्या वर्षी कळलेले बरे.

उत्तर २ : निफाडची माहेरवाशीण

सातपूरकर काकांशी मी सहमत आहे, पण निफाड-दिंडोरीकडच्या मुलांसाठी बिलाच्याही आधीचा एक कागद आहे, तो म्हणजे बाजार समितीत कांदा विकल्यावर मिळणारी हिशेबपट्टी. मी स्वतः अशाच एका वर्गात बसले होते आणि आता द्राक्ष निर्यातीच्या पॅकहाउसमध्ये कागदपत्रांचे काम पाहते. आम्हाला प्रथम वर्षाला परदेशी कंपन्यांच्या यशोगाथा शिकवल्या गेल्या. त्या वेळी माझे वडील लासलगावच्या बाजार समितीतून पट्टी घेऊन येत आणि ती देवघराच्या कोनाड्यात खोचून ठेवत. त्या कागदाचा आणि माझ्या अभ्यासाचा काही संबंध आहे, असे मला तीन वर्षांत कोणीही सुचवले नाही. उलट घरी शेती आहे हे वर्गात सांगायला संकोच वाटे.

त्या पट्टीवर वजन असते, लिलावात फुटलेला भाव असतो आणि हमाली, तोलाई, वाराई (माल उतरवणे, तोलणे वगैरेचा खर्च) असा जो खर्च असेल तो वजा होऊन हाती येणारी रक्कम असते. एकूण विक्री आणि निव्वळ रक्कम यांतला फरक शिकवायला याहून सोपे साधन नाही. वर्तमानपत्रातील बाजारभावाच्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर छापलेले असतात. बातमीचा मथळा मात्र नेहमी कमाल दराचा होतो. बहुतेक ट्रॅक्टर कोणत्या दराला विकले गेले, हे तिसरा आकडा सांगतो. सरासरी आणि टोकाचा आकडा यांची गल्लत कशी होते, हे मुलांना तेथेच दिसेल.

कांदा साठवण्याच्या चाळीचे गणितही अवश्य घ्यावे. समजा, एप्रिलमध्ये १२०० रुपये क्विंटल भाव असताना एका शेतकऱ्याने १०० क्विंटल उन्हाळ कांदा न विकता चाळीत भरला. सप्टेंबरात भाव १६०० झाला. मुलांना विचारा, फायदा की तोटा? सगळे फायदा म्हणतील. मग सांगा की, सड, मोड आणि वजनातील घट जाऊन चाळीतून ७० क्विंटलच निघाला. तेव्हा विकला असता तर १,२०,००० रुपये आले असते, आता १,१२,००० आले, आणि चाळीचा खर्च, निवडणीची मजुरी व अडकलेल्या पैशाचे व्याज अजून धरलेलेच नाही. भाव एक तृतीयांशाने वाढला आणि माणूस तोट्यात गेला. साठ्यालाही खर्च असतो, हे वाक्य मी पुस्तकात वाचले होते. ते कळले मात्र वडिलांनी चाळ उपसली तेव्हा.

उत्तर ३ : जमाखर्च

मीही शिक्षक आहे, आणि वरील दोन्ही उत्तरे आवडूनही थोडा विरोध नोंदवतो. आपल्या मुलांना आपल्याच अंगणातली उदाहरणे द्यावीत हे खरे, पण तेथेच थांबल्यास उद्या मुलाखतीत त्यांच्यापुढे ताळेबंद, म्हणजे मालमत्ता आणि देणी यांचा तक्ता, ठेवला की ती गांगरतील. पट्टीपासून निघालेली वाट ताळेबंदापर्यंत पोहोचली पाहिजे आणि वाटेतील प्रत्येक संकल्पनेचे पारिभाषिक नाव, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, वहीत उतरले पाहिजे. सातपूरकरांच्या वर्कशॉपवाल्याचे येणे, म्हणजे कारखान्याकडून यायची बाकी, हे ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला बसते, एवढे जरी मुलांनी स्वतः शोधले तरी दोन तास सार्थकी लागले.

मॅडमच्या कॅफेवाल्या गटांसाठी मी एक तास ना-नफा-ना-तोटा बिंदूला देतो. कॅफेऐवजी मिसळीचे दुकान घ्यावे, कारण नाशिकच्या मुलाला तर्री, पाव आणि फरसाणाचा खर्च अंदाजे तरी सांगता येतो. एक प्लेट ८० रुपयांची, तिला लागणारे साहित्य व गॅस ४४ रुपये, म्हणजे प्लेटमागे ३६ रुपये उरतात. भाडे, दोन कामगारांचा पगार आणि वीज मिळून महिन्याला ४५,००० रुपये धरले, तर १२५० प्लेट विकल्यावर खर्च भरून निघतो. महिन्यात २५ दिवस दुकान उघडे असेल तर रोज ५० प्लेट. येथवर मुले खूश असतात. मग मी विचारतो, मालक पहाटे पाचपासून राबतो, त्याचा पगार कोठे आहे? त्याचे १८,००० धरले की आकडा रोज ७० वर जातो. आमच्याकडच्या कितीतरी दुकानांचा नफा म्हणजे घरच्या माणसांची न मोजलेली मजुरीच असते.

यानंतर कोणीतरी हमखास म्हणतो, “सर, दहा रुपये डिस्काउंट देऊ, गिऱ्हाईक वाढेल.” मी त्यालाच फळ्याकडे बोलावतो. प्लेटमागे आता २६ रुपये उरतात, म्हणून मालकाचा पगार धरून महिन्याला २४२४ प्लेट, रोज जवळपास ९७. किंमत आठव्या हिश्शाने उतरवली, तर विक्री सुमारे ३९ टक्क्यांनी वाढवावी लागते. गेल्या वर्षी हा आकडा लिहून झाल्यावर एक मुलगा खडू हातात धरून तसाच उभा राहिला आणि म्हणाला, “सर, मग आमच्या समोरचा दुकानवाला रोज ऑफर कशी देतो?” त्या प्रश्नावर पुढचा तास गेला.

वगळायचे म्हणाल तर व्यवस्थापनाच्या विचारवंतांची यादी आणि संघटनांच्या प्रकारांचे तक्ते खुशाल वगळा. एकल मालकी, भागीदारी आणि कंपनी यांत कर्ज बुडाल्यास कोणाच्या घरावर टाच येते, एवढा एकच प्रश्न विचारला तरी त्या तक्त्यांचे सार हाती येते.

उत्तर ४ : अंबडची मनुष्यबळवाली

व्यावसायिक कौशल्यांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण अंबडमध्ये नव्या मुलांची निवड करणे हेच माझे काम आहे. टायचा तास खरोखर नको. आमच्याकडे येणारी मुले अडतात ती लिहिण्यात आणि वेळेवर कळवण्यात. विषयाची ओळ कोरी असलेला ईमेल, त्यात मजकूर शून्य, आणि सोबत जोडलेल्या फाईलचे नाव ‘स्कॅन ००१’. असे अर्ज मी रोज पाहते. अर्ज कोणत्या पदासाठी आहे, हे शोधायला मला फाईल उघडावी लागते, आणि घाईच्या दिवशी मी ती उघडत नाही, हे प्रांजळपणे सांगते.

एक तास फक्त निरोप लिहिण्यावर घ्यावा. “सर, काम झाले नाही” हा निरोप अपुरा आहे. “सर, २० पैकी १४ नोंदी पूर्ण झाल्या आहेत. उरलेल्या ६ बिलांवर तारीख नाही, त्यामुळे थांबलो आहे. तारखा मिळाल्यास उद्या दुपारी बारापर्यंत देतो” हा निरोप पुरेसा आहे. मुलांनी तो आधी मराठीतच लिहावा. विचार सुटसुटीत झाला की इंग्रजी करणे अवघड जात नाही. इंग्रजीची भीती घालून आधी विचारच गोठवला, तर दोन्ही भाषांत काही उतरत नाही.

मध्यंतरी एका मुलाची सिटी बस आलीच नाही. मुलाखतीच्या वेळेआधी वीस मिनिटे त्याने फोन करून तसे सांगितले आणि किती वाजता पोहोचेल तेही सांगितले. तो त्याच वेळेला पोहोचला. त्याच दिवशी दुसरा एक जण दहाच मिनिटे उशिरा आला, पण न कळवता. आम्ही पहिल्याला घेतले.

प्रतिसाद : गोदाकाठची शिक्षिका

सर्वांची मनापासून आभारी आहे. पहिले दहा तास घरून आणलेल्या कागदांवर, पुढचे दहा उधारी, साठा आणि मिसळीच्या हिशेबावर, मग ताळेबंद, आणि दर आठवड्याला एक लेखी निरोप, अशी मांडणी करत आहे. कॅफेची सादरीकरणे रद्द केली आहेत. एक अडचण उरते. माझ्या वर्गात मोलमजुरी करणाऱ्यांची मुले आहेत, त्यांच्या घरी ना दुकान ना पट्टी. घरून कागद आणा म्हटल्यावर ती रिकाम्या हाताने बसतील, हे मला नको आहे. शिवाय काहींना घरचे आकडे वर्गात उघडे करणे आवडणार नाही.

उत्तर ५ : जमाखर्च

मॅडम, मग सुरुवात महावितरणच्या बिलाने करा. त्यावर स्थिर आकार वेगळा छापलेला असतो आणि वापरलेल्या युनिटांप्रमाणे लागणारा वीज आकार वेगळा. घर महिनाभर बंद ठेवले तरी पहिला चुकत नाही. स्थिर आणि बदलता खर्च एकाच कागदावर मिळतो, आणि त्यात कोणाच्या मिळकतीचा उल्लेख नसतो. एकाच बिलावरील नाव व ग्राहक क्रमांक झाकून त्याच्या ८० प्रती काढल्या, तर घरून काही आणायला सांगण्याचीही गरज नाही.

प्रतिसाद : गोदाकाठची शिक्षिका

हे उत्तम. माझ्याच घरचे मे महिन्याचे बिल काढून ठेवले आहे. आम्ही त्या महिन्यात पंधरा दिवस गावी होतो, तेव्हा स्थिर आकार त्यात चांगलाच ठळक दिसतो.