‘ज्यू-मराठी’ लिहावं की नुसतं मराठी?

शब्दवेल्हाळ: एका लेखाचा अनुवाद करतोय. ज्यूंच्या फारशा माहीत नसलेल्या भाषा आज कोण बोलतं, हा विषय. स्पेनमधून पांगलेल्या ज्यूंची लादिनो, अझरबैजानमधली जुहुरी, कोचीच्या ज्यूंची मल्याळम, आणि त्याच यादीत कोकणातल्या ज्यूंची, म्हणजे बेने इस्रायलींची, मराठी! ‘ज्यू-मराठी’ लिहिलं, तर संपादकांनी ‘अशी भाषाच नाही’ म्हणून काट मारली. काय लिहू?

नागावकर: संपादकांचं बरोबर आहे. अलिबागला इस्रायल आळीजवळच माझं आजोळ. तिथल्या म्हाताऱ्या माझ्या आजीसारख्याच बोलायच्या. लादिनो शतकानुशतकं हिब्रू लिपीत लिहिली गेली. बेने इस्रायलींनी १८७४ साली पुण्यात हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाची पोथी, छापली, तर हिब्रूशेजारी सरळ देवनागरी मराठी. ही आपलीच भाषा आहे.

मीरा_द: आणि शब्दांचं काय? प्रायश्चित्ताचा योम किप्पुर म्हणजे ‘दरफळणीचा सण’, जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा तिशा बाव म्हणजे ‘बिरड्याचा सण’. हे तुमच्या आजीला ठाऊक होते का?

नागावकर: बिरडं ठाऊक होतं, आठवड्यातून एकदा व्हायचंच. आगरी-कोळ्यांचेही शब्द वेगळे आहेत. त्यांच्या मराठीला कुणी धर्माचं नाव जोडतं का?

तात्या५२: दरफळणी म्हणजे दाराला फळ्या लावणं. दिवसभर दारं बंद करून उपास करायचे. माझ्या मते फळी + णी.

मीरा_द: तात्या, मला तरी ‘फाळणे’ वाटतं. ‘फळी’ला ‘णी’ कसा लागेल?

अश्दोदची_लेक: मूळ प्रश्न ‘आज कोण बोलतं’ हा होता ना? इकडे इस्रायलमध्ये लोद, रमला, अश्दोद, दिमोना इथे अजून बोलतात. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही इथून निघालं. आमच्या मलिद्याच्या विधीला या कधी. ताटात पोहे, गूळ, खोबरं, फळं. संदेष्टा एलियाहू हन्नबीचं गाणं हिब्रूत. ते संपलं की माझी मावशी म्हणणार, ‘गूळ कमी पडलाय गं, वाढ अजून.’ पोरं मात्र हिब्रूतच उत्तर देतात. पंधरा-वीस वर्षांनी हा प्रश्न कुणाला विचाराल? नाव काहीही द्या, आधी मावशीचं बोलणं ध्वनिमुद्रित करा.

शब्दवेल्हाळ: हे लेखात घालतो. लेखात ‘सिनेगॉग’ही आहे. ‘प्रार्थनामंदिर’ चालेल?

तात्या५२: चालेल काय, तेच हवं! मराठीत शब्द असताना परका कशाला?

अश्दोदची_लेक: आम्ही ‘मशीद’ म्हणतो हो. मुंबईत १७९६ सालची आमची ‘जुनी मशीद’ आहे. मशीद बंदर हे नाव तिच्यावरूनच पडलं असं आमच्याकडे सगळे सांगतात.

तात्या५२: वाचक गोंधळतील. पुण्यातल्या सिनेगॉगला ‘लाल देऊळ’ म्हणतात, मग देऊळ लिहा.

मीरा_द: लाल देऊळ बगदादी ज्यूंचं, डेव्हिड ससूननी बांधलेलं. बेने इस्रायलींचं रास्ता पेठेत आहे. आणि ‘प्रार्थनामंदिर’ हा तरी कुणाच्या तोंडातला शब्द? ज्यांची जागा त्यांनी पिढ्यान् पिढ्या ‘मशीद’ म्हटलं, तो शब्द आपण का खोडायचा?

तात्या५२: मशीद अरबीतून आलेला शब्द आहे.

नागावकर: ‘हलवा’ही अरबीतूनच आलाय, तात्या. त्यांचा चिकाचा हलवा खाऊन बघा, मग बोलू.