मदत हवी आहे: बायपोलर असलेल्या भावासाठी कीटो आहार

मृद्गंधा_पुणे
नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला (वय २९) सहा वर्षांपासून बायपोलर (कधी उन्माद, कधी खोल नैराश्य आणणारा मनाचा आजार) आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला उन्मादाचा झटका आला होता. तेव्हापासून तो गोळ्या न चुकता घेतो, मात्र याच काळात त्याचे वजन १४ किलोंनी वाढले असून तो घराबाहेर पडायचेही टाळतो. परदेशात या आजारावर कीटो आहाराचे (पिष्टमय पदार्थ अगदी कमी, स्निग्ध भरपूर) प्रयोग चालू असल्याचे त्याने वाचले आहे. मला दोनच गोष्टी हव्या आहेत: मराठी घरात रोज करता येईल असा शाकाहारी तक्ता, आणि सुरुवातीचा अशक्तपणा किती दिवस टिकतो याची कल्पना. कृपया कोणी 'डॉक्टरांना विचारा' एवढेच लिहून जाऊ नये. त्यांची पुढची वेळ तीन आठवड्यांनंतरची आहे.

चिंचोके
तक्ता राहू द्या. गोळ्या कोणत्या आणि किती, हे आपण लिहिलेले नाही. शिवाय अशक्तपणाबद्दल विचारता आहात, म्हणजे आहार सुरू झाला आहे का?

भीमाकाठ
मला बायपोलर टाईप दोन आहे, लॅमोट्रिजिन चालू आहे आणि आठ महिने कीटोवर आहे. डोक्यातले धुके प्रथमच निवळले. हा आहार काल निघालेला नाही. अपस्मारासाठी तो १९२१ पासून वापरात आहे आणि अपस्मारावरची व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन ही औषधे आपल्या आजारातही चालतात. स्टॅनफर्डच्या २०२४ च्या अभ्यासात २१ जणांनी औषधे चालू ठेवून चार महिने हा आहार घेतला आणि बहुतेकांना फरक पडला. ताई, बिनधास्त सुरू करा.

तुळशीवृंदावन
त्या २१ पैकी ५ जणांना स्किझोफ्रेनिया होता आणि तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता, हेही लिहावे. एडिनबरोच्या अभ्यासात बायपोलरच्या २६ जणांनी सुरुवात केली आणि २० जणांनी सहा ते आठ आठवडे पूर्ण केले. तोही हा आहार झेपतो का, एवढेच पाहण्यासाठी होता. दोन्हीकडे रुग्णांवर तज्ज्ञांची नजर होती. आपल्याला मानवले म्हणून दुसऱ्याला 'बिनधास्त' म्हणणे मला पटत नाही.

दोनवेळा_जेवण
कीटोची मुळात गरजच काय? दिवसातून दोनदाच जेवावे, मधे काहीही खाऊ नये. माझ्या साडूंची शुगर अशीच आटोक्यात आली.

तुळशीवृंदावन
साडूंच्या शुगरबद्दल कोणी विचारले होते का?

मृद्गंधा_पुणे
गोळ्यांची नावे इतकी महत्त्वाची असतील असे वाटले नव्हते. मनःस्थिती स्थिर ठेवणारे लिथियम ९०० मिलिग्रॅम आणि रात्री ओलान्झापिन, ज्याने वजन वाढते. आहार अकरा दिवसांपूर्वी सुरू केला. डोके फार दुखते म्हणून तो रोज दोन वेळा आयब्युप्रोफेन घेतो. आईला रक्तदाब असल्यामुळे आमच्याकडे स्वयंपाक आळणीच असतो. परवापासून त्याला जुलाब होत आहेत आणि हात थरथरतात. आज सकाळी चहा बशीत सांडला म्हणून आईने पेला दिला, तर तो त्याने दोन्ही हातांनी धरला. हाच तो सुरुवातीचा त्रास ना?

चिंचोके
ताई, याला सुरुवातीचा त्रास समजू नका. लिथियम अंगात साठत असल्याची ही लक्षणे असू शकतात. पुढचा डोस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नका आणि वेळ मिळण्याची वाट न पाहता आत्ताच जवळच्या रुग्णालयात अपघात विभागात जा. रक्तातली लिथियमची पातळी, सोडियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कळते ते) तपासायला सांगा, शेवटची गोळी किती वाजता घेतली तेही सांगा. चालताना तोल जात असेल किंवा बोलणे जड झाले असेल, तर ते आधी सांगा. पिष्टमय पदार्थ एकदम तोडले की इन्सुलिन उतरते आणि पहिल्या काही दिवसांत लघवीवाटे पाणी आणि सोडियम भराभर जाते. मग सोडियम वाचवू पाहणारी मूत्रपिंडे त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवतात. जुलाबांनी त्यात भरच पडते.

गल्ल्यावरचा
मी औषधाच्या दुकानात बावीस वर्षे बसतो. लिथियमच्या माणसाने आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नये, कारण त्यानेही पातळी वाढते. थोडे विषयांतर, पण चाळीसच्या दशकात अमेरिकेत हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकले जात असे. मीठ तोडलेली ती माणसे होती. १९४९ मध्ये काही दगावली तेव्हा ते बाजारातून काढले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा गुण दाखवला.

भीमाकाठ
मी लिथियमवर कधीच नव्हतो, त्यामुळे हे लक्षात आले नाही. 'बिनधास्त' हा शब्द मागे घेतो. मात्र आता भीतीपोटी मीठ चमचाभर वाढवू नका. मीठ एकदम वाढले की पातळी उलट घसरते.

रात्रपाळी
माझी अडचण वेगळी होती. तिसऱ्या आठवड्यात अंगात इतका उत्साह संचारला की पहाटे तीन वाजता मी माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी उतरवून चिंचेने घासत बसलो होतो. मला तो कीटोचा गुण वाटला, बायकोने मात्र ती उन्मादाची सुरुवात असल्याचे ओळखले. भावाच्या झोपेचे तास रोज लिहून ठेवा.

मृद्गंधा_पुणे (सहा दिवसांनी)
उत्तर द्यायला उशीर झाला. पातळी १.६ निघाली, एरवी ती ०.६ ते १.० च्या आत असे. दोन दिवस सलाइन लावले, लिथियम थांबवले आणि आता कमी मात्रेत पुन्हा सुरू केले आहे. डॉक्टरांनी कीटोला कायमची बंदी केलेली नाही, परंतु आधी ओलान्झापिन बदलून वजनाचे काय होते ते पाहू, असे ते म्हणाले. पुढे करायचेच ठरले, तर पोळी-भात हळूहळू कमी करायचा, पहिला महिनाभर दर आठवड्याला पातळी तपासायची, मिठाचे प्रमाण ठरवून पाळायचे आणि डोकेदुखीला पॅरासिटामॉल. चिंचोके, आपण नावे विचारली तेव्हा मला राग आला होता. तक्ता मात्र अजून कोणीच दिलेला नाही.

भीमाकाठ
आता देण्याची घाई नाही. तरी अंदाजासाठी सांगतो: दिवसभराची मर्यादा २० ते ५० ग्रॅम पिष्टाची असते आणि ज्वारीची एक मध्यम भाकरी साधारण ३० ग्रॅम खाते. भाताच्या जागी किसलेला फ्लॉवर, पनीर, तूप, अळशीची चटणी. उसळी आणि वरण जवळजवळ बंद. शाकाहाऱ्याला सर्वांत जड जाते ते वरणच. डॉक्टरांनी होकार दिला की कळवा, पूर्ण आठवड्याचा तक्ता पाठवतो.