नवीन .३२ पिस्तूल एका गोळीवर मस्त चालतंय, दुसरीवर अडकतंय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी ह्युस्टनला असते. इतकी वर्षं रेंजवर नवऱ्याचं ९ एमएम चालवायचे पण मनगट आता कुरकुर करायला लागलंय म्हणून मध्यंतरी .३२ एसीपीचं (हे काडतुसाच्या मापाचं नाव) छोटं कॉम्पॅक्ट घेतलं. कंपनी मुद्दाम लिहीत नाहीये, लिहिली की लगेच "ती का घेतली" सुरू होतं. झटका एकदम कमी, त्या बाबतीत खूश आहे.

पण फीडिंगने, म्हणजे मॅगझिनमधून गोळी पुढे नळीत जाण्याने, डोकं फिरवलंय. ७३ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) ची साधी एफएमजे, म्हणजे पूर्ण धातूचं आवरण असलेली गोल नाकाची, ती जवळजवळ व्यवस्थित जाते. जवळजवळ एवढ्यासाठी की पहिल्या बॉक्समध्ये कधीकधी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) पूर्ण बंद व्हायची नाही, केसभर मागे थांबायची, मागून तळव्याने ढकलली की बंद. तेल घातल्यावर ते जवळपास गेलं. खरा वैताग ६० ग्रेनच्या हॉलो पॉइंटचा, म्हणजे नाकाला खळगा असलेल्या गोळीचा. एकदोन राउंड नीट सुटतात आणि मग सगळं ठप्प. स्लाइड मागे ओढून सोडली तरी काही होत नाही, वरची गोळी मॅगझिनमध्येच नाक खाली घालून बसलेली असते आणि अंगठ्याने ढकलली तरी पुढे सरकत नाही. दोन्ही मॅगझिनमध्ये तेच. दुकानातला मुलगा म्हणाला आणखी दोनतीनशे राउंड चालवा, आपोआप मोकळं होईल. हॉलो पॉइंटचे भाव बघता हा सल्ला त्याच्या फायद्याचा जास्त वाटला.

फीड रॅम्प, म्हणजे गोळी नळीत चढते तो उतार, घासून गुळगुळीत करावा का? नवऱ्याचा हात ड्रेमेलकडे (घासायच्या छोट्या यंत्राकडे) वळायला लागलाय.

टेक्सासवाला
ताई आधी ड्रेमेल लपवून ठेवा 😄 रॅम्पचा कोन बदलला तर वॉरंटी गेली आणि पिस्तूल पण. छोट्या पिस्तुलात स्लाइडचा प्रवास कमी असतो, तेवढ्याशा वेळात मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढची गोळी वर आणायची असते, त्यामुळे पकड सैल पडली की लगेच फीडिंग बिघडतं. मनगट दुखतंय म्हणताय तर मला तोच संशय येतोय. एकदा नवऱ्याला चालवायला द्या, त्याच्या हातात पण अडकलं तर मनगटाचा दोष नाही.

मुळामुठा
पकड नाही हो, हे रिमलॉक आहे, म्हणजे गोळ्यांच्या मागच्या कडा (रिम) एकमेकींत अडकणं, वर्णन वाचतानाच कळलं. आमच्याकडे भारतात ९ एमएम प्रोहिबिटेड बोअर, साध्या लायसन्सवर मिळत नाही, त्यामुळे इथे पिस्तूल म्हटलं की .३२, आणि या काडतुसाची ही जुनी खोड आहे. बंदुकांचा रचनाकार जॉन ब्राउनिंगने १८९९ च्या सुमारास काढलेलं हे काडतूस सेमी-रिम्ड आहे. ९ एमएमच्या केसची (काडतुसाच्या पितळी कवचाची) मागची कडा केसच्या बरोबरीत असते, .३२ ची थोडी बाहेर येते. बोट फिरवून बघा, कड लागते. केस साधारण ८.५ मिमी आणि रिम ९.१ मिमी, बस एवढाच फरक.

आता मॅगझिनमध्ये वरच्या गोळीची रिम खालचीच्या रिमच्या पुढे असायला हवी. ती मागे गेली की स्लाइड वरच्या गोळीला पुढे ढकलते, ती खालच्या रिमला अडकते आणि दोघी जागच्या हलत नाहीत. काडतुसाची पूर्ण लांबी जास्तीत जास्त २५ मिमी धरून मॅगझिन बनवलेलं असतं. एफएमजे त्याच्या जवळ जाते, नाक पुढच्या भिंतीला लागतं आणि मागे सरकायला जागाच उरत नाही. हॉलो पॉइंटचं नाक आखूड, म्हणून पुढेमागे हलायला जागा मिळते आणि प्रत्येक झटक्याला गोळ्या आत घसरतात. तुमच्या पहिल्या एकदोन नीट सुटतात त्याचं कारण हेच असणार. आणि स्लाइड पूर्ण बंद न होणं हा वेगळा विषय, नवेपणा आणि कोरडेपणा, दोन्ही एकत्र मोजू नका.

ह्युस्टनची (मूळ प्रश्न)
मुळामुठा, अहो बरोबर तेच! घरी डमी राउंड (दारू नसलेली खोटी काडतुसं) नव्हते म्हणून आज रेंजवरच अडकल्यावर मॅगझिन काढून नीट बघितलं. वरचीची पितळी कड खालचीच्या कडेच्या मागे, अगदी खाच अडकावी तशी. व्हर्नियर लावला तर हॉलो पॉइंट एफएमजेपेक्षा मिलिमीटरभर आखूड आहे. नवऱ्याने पण चालवून बघितलं, त्याच्याही हातात अडकलं, त्यामुळे माझ्या मनगटाची सुटका. पण अडकलेलं सोडवायचं कसं? मी मॅगझिन बाकावर आपटलं तर आणखी घट्ट बसलं.

मुळामुठा
आपटू नका, आपटल्यावरच तर गोळ्या मागे सरकतात. नळी टार्गेटकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, मॅगझिन काढा, चेंबर (नळीच्या मागची, गोळी बसायची जागा) रिकामा आहे बघा. मग लाकडी काडीने खालची गोळी केसच्या बाजूवरून दाबा आणि वरची पुढे काढा. मागच्या गोल टोपीला, म्हणजे प्रायमरला, काहीही टोकदार लावायचं नाही. भरताना प्रत्येक गोळी आधीच्या रिमच्या पुढे ठेवून मग मागे सरकवा, आणि भरलेलं मॅगझिन पर्समध्ये गडगडू देऊ नका.

टेक्सासवाला
मान्य, माझा अंदाज चुकला. एक भर घालतो, तीच ती गोळी परत परत चेंबरमध्ये घालून काढत असाल तर थांबवा. नाक रॅम्पवर आपटून आत दबतं, केसमधली जागा कमी होते आणि प्रेशर वाढतं. आखूड झालेली गोळी बाजूला ठेवा. आणि कधी 'फुस्स' असा हलका आवाज आला तर पुढची चालवायची नाही, नळीत गोळी अडकलेली असू शकते.

ह्युस्टनची
समजलं, आभारी आहे दोघांची. तूर्तास एफएमजेवरच राहते, हॉलो पॉइंटचे उरलेले बॉक्स कपाटात. कंपनीला फोन केला तर त्या बाई म्हणाल्या की आखूड गोळीसाठी मॅगझिनच्या मागच्या बाजूला बसवायची पट्टी मिळते, त्याने क्षमता एकाने कमी होऊ शकते. कोणी वापरलीय का? पट्टी घातल्यावर लांब एफएमजे त्याच मॅगझिनमध्ये चालते की दुसरं मॅगझिन त्याच्यासाठी वेगळं ठेवावं लागतं?