गोवा २०२२: मतं फुटली म्हणून काँग्रेस हरली, की काँग्रेस फुटणार हे ठाऊक होतं म्हणून मतं फुटली?

मांडवीपार

२०२७ च्या विधानसभेची गणितं मांडायला कोणीही बसला की एक वाक्य हमखास येतं: "मागच्या वेळी आप, तृणमूल आणि आरजीने (रिव्होल्युशनरी गोवन्स) मतं खाल्ली, नाहीतर सरकार काँग्रेसचंच होतं." हे इतक्यांदा ऐकलंय की आता कोणी ते तपासूनही बघत नाही. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

मार्च २०२२ चा निकाल थोडक्यात: ४० पैकी भाजप २०, काँग्रेस ११, मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) २, आप २, गोवा फॉरवर्ड १, आरजी १, अपक्ष ३. तृणमूल शून्य. मतं भाजपला ३३ टक्क्यांच्या थोडी वर, काँग्रेसला साडेतेवीसच्या आसपास. म्हणजे तीनपैकी दोघांनी भाजपला मत दिलं नाही, आणि तरी भाजप सत्तेत आला. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे.

पण मतं फुटली का? २०१७ ला याच मतदाराने काँग्रेसला १७ जागा देऊन सर्वांत मोठा पक्ष केलं होतं. भाजपला १३. काँग्रेसवाले नेता कोण यावर खल करत बसले, तिकडे पर्रीकर दिल्लीचं संरक्षण खातं सोडून आले आणि गोवा फॉरवर्ड, मगो, अपक्षांना घेऊन मुख्यमंत्री झाले. त्यानंतर त्या १७ चं काय झालं? २०२२ च्या मतदानापर्यंत दोन उरले. दोन! प्रतापसिंह राणे आणि दिगंबर कामत. त्यातले कामतही पुढे गेलेच.

जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसने उमेदवारांना पणजीची महालक्ष्मी, बांबोळीचा खुरीस (क्रूस) आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. ज्या पक्षाचा आपल्याच उमेदवारावर विश्वास नाही, त्याच्यावर मतदाराने का ठेवावा? लोक दुसरीकडे वळले ते या अनुभवाने. मतं फुटणं हा परिणाम आहे, कारण नव्हे.

साष्टीकर

शपथेचा किस्सा चविष्ट आहे खरा, पण जरा आकडे बघूया. भाजपची मतं: २०१२ ला ३४ टक्क्यांच्या वर, २०१७ ला साडेबत्तीस, २०२२ ला ३३. म्हणजे तिन्ही वेळा जेमतेम एक तृतीयांश. जागा मात्र २१, १३ आणि २०. भाजपचा मतदार वाढलाही नाही, घटलाही नाही. जागा वरखाली झाल्या त्या उरलेले दोन तृतीयांश कसे वाटले गेले त्यावर. याला मतविभागणी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

आपल्याकडे एका मतदारसंघात सरासरी २९ हजार मतदार. दोन-तीनशे मतं इकडची तिकडे झाली की आमदार बदलतो. नावेली घ्या. दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्यातला, अल्पसंख्याकांचं प्राबल्य असलेला मतदारसंघ, भाजपला तिथे कधी शिरकाव नव्हता. २०२२ ला भाजप ४३० मतांनी जिंकला. काँग्रेस, तृणमूल, आप सगळे एकमेकांच्या पायात पाय घालून पडले. नावेलीतल्या मतदाराला भाजप हवा होता असं तुम्ही तोंडावर म्हणाल?

मांडवीपार

नावेलीचं उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं झालं. तिथे दुसऱ्या क्रमांकावर कोण होतं? तृणमूल. काँग्रेस त्याच्याही मागे. मग मतं कोणी कोणाची खाल्ली? तुमच्या हिशेबाने काँग्रेसने तृणमूलची खाल्ली म्हणावं लागेल. "मतं खाणारा" हा आळ नेहमी नव्या पक्षावरच का?

बाणावलीत आपने तृणमूलच्या चर्चिल आलेमावना पाडलं, वेळ्ळीही आपची. सांत आंद्रेत आरजीचा पोरगा ७६ मतांनी आला, तो भाजपच्या उमेदवाराला हरवून. आणि तो उमेदवार २०१७ ला काँग्रेसच्याच तिकिटावर निवडून आला होता. तिथल्या मतदाराने आरजीला मत देऊन भाजपला मदत केली म्हणता?

उजोवाला

आरजीचा कार्यकर्ता म्हणून बोलतो. नऊ टक्क्यांच्या वर मतं मिळाली आणि आमदार एक. आपला आमच्याहून कमी मतं, आमदार दोन. पद्धतच तशी आहे, रडत नाही. पण "तुम्ही काँग्रेसची मतं खाल्ली" असं कोणी म्हणालं की डोकं फिरतं. आमच्याबरोबर फिरलेली बहुतेक पोरं पहिल्यांदाच राजकारणात आली होती. मूळ गोंयकार (गोवेकर) कोण हे कायद्याने ठरवा, जमिनी आणि नोकऱ्या त्याला आधी द्या, ही मागणी घेऊन आम्ही घरोघर गेलो. ती चूक की बरोबर यावर वाद घाला. पण हा मतदार काँग्रेसच्या फडताळात ठेवलेला नव्हता, तो आमचा आम्ही मिळवला.

ठाण्याहून

२०२२ च्या जूनमध्ये आमच्याकडे शिवसेना फुटली, वर्षभराने राष्ट्रवादी. गोव्यात जे होतं तेच मोठ्या पडद्यावर आमच्याकडे झालं असं वाटतं. तुम्ही पुढे, आम्ही मागे.

कलम चार

ठाण्याहून, तेच नाही, आणि फरक महत्त्वाचा आहे. तुमच्याकडे फुटलेल्यांनी "मूळ पक्ष आम्हीच" म्हणून नाव आणि चिन्ह मागितलं. गोव्यातले तसली भानगड करत नाहीत. इथे सरळ विलीनीकरण.

घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, पूर्वी एक तृतीयांश आमदार फुटले तरी चालायचं. २००३ च्या घटनादुरुस्तीने ती सवलत गेली. उरला परिच्छेद ४: विधिमंडळ पक्षाच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती असेल तर विलीनीकरण झालं असं मानायचं. आता गोव्यातल्या गेल्या तीन फुटी बघा.

मार्च २०१९: मगोचे तीन आमदार, गेले दोन. जुलै २०१९: काँग्रेसचे १५, गेले दहा, विरोधी पक्षनेत्यासह. सप्टेंबर २०२२: काँग्रेसचे ११, गेले आठ. ११ चे दोन तृतीयांश सात आणि वर थोडे, म्हणजे किमान आठ. तिन्ही वेळा लागतात तेवढेच, एकही जास्त नाही. हे काही वैचारिक मंथनातून आपोआप जुळून येत नसतं. पहिला आमदार ठरतो तेव्हाच शेवटचा किती नंबरचा हवा तेही ठरलेलं असतं, आणि त्या शेवटच्याला सगळ्यांत जास्त भाव.

कोर्टात हे टिकतं का? काँग्रेस आणि मगो दोघेही गेले होते. सभापतींनी एप्रिल २०२१ मध्ये अपात्रतेच्या याचिका फेटाळल्या, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये, मतदान होऊन गेल्यावर आणि मतमोजणीच्या आधी, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो निर्णय कायम ठेवला. मूळ पक्ष विलीन झाला नसला तरी विधिमंडळ पक्षाचे दोन तृतीयांश पुरेत, असा त्याचा अर्थ निघाला. सहा महिन्यांनी ते आठ गेले. निकालाचा आणि त्यांच्या जाण्याचा संबंध लावायला वकील असण्याची गरज नाही.

म्हणून माझ्या मते तुम्ही दोघे चुकीच्या प्रश्नावर भांडताय. ४० च्या सभागृहात या परिच्छेदामुळे छोटा पक्ष जवळजवळ अशक्य होतो. तीन आमदारांचा पक्ष मोडायला दोन पुरतात.

सिंहछाप

त्या "तीनातले दोन" वाल्या पक्षाचा, मगोचा, मी मतदार. माझ्या आजोबांनी १९६३ ला भाऊसाहेब बांदोडकरांना मत दिलं. कूळ-मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर कसणारे-राहणारे), बहुजन समाज, गावागावात मराठी शाळा, हे सगळं सिंहाबरोबर, आमच्या चिन्हाबरोबर आलं. १९७९ पर्यंत राज्य आमचं होतं.

१९९४ ला भाजपशी युती केली तेव्हा आम्ही थोरले, १२ आमदार; भाजपचे चार. १९९९ ला भाजप दहा, आम्ही चार. २००२ ला भाजप सतरा, आम्ही दोन. आमच्या खांद्यावरून गावात शिरले आणि गावच घेतला. ठाण्याच्या मित्राला साम्य शोधायचं असेल तर ते इथे आहे.

पण दोष फक्त भाजपला देऊन कसं चालेल? २०१९ ला रात्री आमचे दोन आमदार पळवले, सुदिन ढवळीकरांचं उपमुख्यमंत्रिपद काढून घेतलं. त्याच भाजपविरुद्ध आम्ही २०२२ ला तृणमूलबरोबर लढलो, गावोगाव शिव्या घातल्या, आणि निकाल लागल्यावर पाठिंबा दिला भाजपलाच. सुदिनबाब पुन्हा मंत्री. मला सांगा, मी साडेसात टक्क्यांतला एक, माझं मत नेमकं कोणत्या खात्यात धरायचं? साष्टीकर त्याला भाजपविरोधी दोन तृतीयांशात धरतात. पक्षाने तर ते भाजपला नेऊन दिलं.

साष्टीकर

सिंहछाप, मुद्दा मान्य, मगोला मी विरोधकांत धरायला नको होतं. ते वगळूनही काँग्रेस, आरजी, आप, तृणमूल मिळून ४५ टक्क्यांच्या जवळ जातात.

डिचोलीकर

सगळे काँग्रेसवर तुटून पडलेत. आमच्या बाजूचंही थोडं ऐका. मी भाजपचा जुना कार्यकर्ता, २० जागांचा आनंद मलाही झाला. पण तो निकाल पक्षासाठी काय होता ते मला विचारा.

पणजीत मनोहरभाई पर्रीकरांच्या मुलाला, उत्पलला, तिकीट नाही. ते कोणाला? २०१९ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसतर्फे पणजी घेऊन दोन महिन्यांत आमच्याकडे आलेल्या बाबूश मोन्सेरातना. उत्पल अपक्ष लढले, ७१६ मतांनी पडले. मांद्र्यात लक्ष्मीकांत पार्सेकर, आमचे माजी मुख्यमंत्री, तिकीट नाही म्हणून बाहेर. त्याआधी २०१७ ला संघाचे वेलिंगकर सर प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमावरून वेगळे होऊन मगोबरोबर गेले होते. ज्यांनी पक्ष उभा केला त्यातले किती आत राहिले, मोजा.

तेव्हा "भाजपची मतं तितकीच राहिली" हे साष्टीकरांचं वाक्य अर्धंच खरं. टक्का तोच, पण माणसं तीच नाहीत. आमच्यातले काही गेले, आयात केलेल्यांबरोबर त्यांचे मतदार आले. पंचायतीपासून नोकरीपर्यंत ज्याचं काम आमदार करतो, तो मतदार आमदाराबरोबर जातो, मग चिन्ह हात असो की कमळ. आज मंत्रिमंडळाकडे बघून हे भाजपचं की जुन्या काँग्रेसचं, हे ओळखून दाखवा.

एक मात्र सांगतो. लोक सगळंच खपवून घेतात असं नाही. २०१९ ला काँग्रेसमधून आलेल्या त्या दहांपैकी २०२२ ला तिघेच निवडून आले. उपमुख्यमंत्री झालेले बाबू कवळेकर केप्यात पडले. मगोतून आलेले दोघेही पडले.

मांडवीपार

डिचोलीकरांनी दिलेला आकडा माझ्याच बाजूचा आहे. मतदार फुटिरांना पाडतो. गंमत अशी की त्यांना पाडून ज्यांना निवडून आणलं, त्यातलेही काही सहा महिन्यांत तिकडेच गेले. मायकल लोबो जानेवारीत भाजपचं मंत्रिपद सोडून काँग्रेसमध्ये आले, मार्चमध्ये विरोधी पक्षनेते झाले, सप्टेंबरमध्ये परत भाजपमध्ये. पाडणार तरी किती वेळा?

साष्टीकर

मग लोकसभा २०२४ चं काय करता? दक्षिण गोव्यात आप आणि गोवा फॉरवर्ड काँग्रेसच्या मागे उभे राहिले आणि विरियातो फर्नांडिस १३,५३५ मतांनी जिंकले. आरजी वेगळी लढूनसुद्धा! पक्ष तोच, शपथ मोडलेला, आठ आमदार गमावलेला. तुमच्या सिद्धांतानुसार मतदाराने त्याला हाकलायला हवं होतं. एकत्र आले, जिंकले, विषय संपला.

कलम चार

त्याच निवडणुकीत, त्याच आघाडीसह उत्तरेत काँग्रेस एक लाखाहून जास्त मतांनी हरली. बेरीज उत्तरेत का चालली नाही तेही सांगा.

साष्टीकर

उत्तर वेगळी, तिथले भाजपचे श्रीपादभाऊ नाईक यांची पकड वेगळी. मी ४० पैकी ४० म्हणतच नाही. दक्षिणेतल्या आठ-दहा जागा म्हणतोय, तेवढ्यावर गोव्यात सरकार बदलतं.

मांडवीपार

लोकसभेला मतदाराने विश्वास ठेवला, कारण तिथे फुटून फायदाच नाही. एकट्या खासदाराला भाजपमध्ये जाऊन काय मिळणार? विधानसभेला बहुमताचा २१ चा आकडा जवळ आला की एकेका आमदाराची किंमत ठरते. म्हणून माझं म्हणणं एवढंच: आघाडी करा, जरूर करा, पण एकदा जाऊन आलेल्याला कोणीही तिकीट देणार नाही, हे चारही पक्षांनी जागावाटपाच्या आधी जाहीर करावं. आधी माणसं ठरवा, मग जागा.

उजोवाला

हे लेखी देत असतील तर आम्ही बोलायला तयार. पण देणार नाहीत.

साष्टीकर

मांडवीपार, ऐकायला छान आहे. पण नावेलीत जिंकणाऱ्याला मतं मिळाली पाच हजारांच्या आसपास. तेवढी मतं ज्याच्या मुठीत आहेत असा माणूस प्रत्येक मतदारसंघात तीन नाहीतर चार, आणि त्यातले बहुतेक किमान एकदा पक्ष बदलून आलेत. त्यांना वगळून फातोर्ड्यापासून काणकोणपर्यंत उमेदवार कुठून आणणार, तेवढी यादी टाका. मी पहिली सही करतो.

मांडवीपार

कुडतरी, केपे आणि कुठ्ठाळीपासून सुरुवात करतो. उद्या रात्री टाकतो. डिचोलीकर, तुमच्या भागातली नावं तुम्ही द्या, पक्ष कुठलाही असो.

डिचोलीकर

आमच्या भागातली देतो. त्यातली दोन माझ्याच पक्षातून बाहेर काढलेली असतील, चालेल ना?