27 एचपी ट्रॅक्टरला पुढं लोडर बसवलाय, मागं वजन किती आणि कसं लावायचं?

सांगोल्याचा डाळिंबवाला

राम राम मंडळी. सांगोला तालुक्यात माझी साडेचार एकर डाळिंब आहे. ओळी 14 फुटांच्या, झाडं 10 फुटांवर, त्यामुळं मोठा ट्रॅक्टर बागेत फिरत नाही. माझा 27 एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह छोटा ट्रॅक्टर आहे. शेणखत भरायला माणसं मिळेनात म्हणून दिवाळीनंतर त्याला पुढं लोडर बसवून घेतला. शेणखताला काही अडचण आली नाही. घात झाला तो मुरमाला.

शेततळ्याच्या बांधाची एक कड ढासळली होती. मुरमाचा ढीग वरच्या अंगाला रस्त्याकडेला, तळं खालच्या अंगाला. मागच्या मंगळवारी भरलेली बकेट घेऊन उतारानं खाली चाललो होतो. खालच्या धोंड्यांना थटू नये म्हणून बकेट छातीएवढी वर धरलेली. मागं लिफ्टच्या आर्मवर (अवजारं उचलायच्या दांड्यांवर) भाच्याला उभं केलेलं, कारण लोडर बसवणाऱ्या फिटरनंच सांगितलं होतं की मागं हलकं वाटलं तर एखादा गडी उभा करा. निम्म्या उतारावर स्टेअरिंग एकदम जड झालं. ब्रेक दाबला तर मागची चाकं फिरायची थांबली, पण ट्रॅक्टर थांबेना. तशीच न फिरता मुरमावरून घसरत चालली. मग डावं चाक वीतभर उचललं. भाच्यानं उडी मारली आणि तो बाजूच्या मातीत पडला. मी लोडरचा लिव्हर पुढं ढकलला, बकेट जमिनीत रुतली आणि ट्रॅक्टर धाडकन चारी चाकांवर बसला.

भाचा 19 वर्षांचा आहे, बहिणीचा एकुलता. कोपर सोलवटलं, तेवढ्यावर भागलं. पण तो बाजूला न पडता चाकाच्या आणि आर्मच्या मधे पडला असता तर मी बहिणीला काय सांगणार होतो? त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. आता मागं माणूस उभा करणार नाही, हे पक्कं. पण माणसाऐवजी काय? कोण म्हणतं टायरात पाणी भर, कोण म्हणतं चाकाला लोखंडी वजनं लाव, कोण म्हणतं मागं रोटाव्हेटर अडकवून ठेव. ज्यांनी खरंच लोडर चालवलाय त्यांनी सांगा. वजन किती, कुठं, आणि ते लावल्यावर आणखी काय सांभाळायचं?

बार्शीकर

दादा, भाचा वाचला हे देवाचं देणं. मागच्या दोन्ही टायरांत पाणी भरून घ्या. वाल वरच्या बाजूला आणायचा आणि वालच्या पातळीपर्यंत भरायचं, म्हणजे टायर साधारण 75 टक्के भरतो. वरची हवेची जागा सोडायचीच, नाहीतर टायर दगडासारखा होतो. आपल्याकडं पाणी गोठत नाही, त्यामुळं त्यात मीठबीठ काही घालू नका. वजन तळाशी राहतं, ट्रॅक्टर डुलत नाही आणि खर्च जवळपास शून्य. माझं तेवढ्यावर भागतंय.

वेल्डर, मोहोळ

डाळिंबवाले दादा, मी 18 वर्षं ट्रॉल्या आणि लोडरच्या फ्रेमा बनवतो. तुमच्यासारखी गोष्ट माझ्याकडं दर हंगामात कोण ना कोण सांगतं. काहींच्या गोष्टीत भाचा वाचलेला नसतो. म्हणून सविस्तर लिहितो, कंटाळा करू नका.

बार्शीकर भाऊंचं पाणी चुकीचं नाही, पण अर्धं काम करतं. लोडर भरला की पुढचा एक्सल, म्हणजे दोन चाकांमधला आडवा दांडा, तराजूच्या मधल्या काट्यासारखा होतो. बकेट खाली दाबते आणि मागची बाजू वर येऊ बघते. समजा बकेटमध्ये 350 किलो मुरूम आहे आणि त्याचा भार पुढच्या चाकांच्या मध्यापासून 1.3 मीटर पुढं पडतोय. तुमच्या मापाच्या ट्रॅक्टरला दोन्ही एक्सलमधलं अंतर 1.55 मीटरच्या आसपास असतं. 350 गुणिले 1.3 भागिले 1.55 म्हणजे मागच्या चाकांवरचं जवळजवळ 295 किलो वजन पळालं. ते कुठं गेलं? पुढच्या एक्सलवर. वर बकेटचे 350 आहेतच, म्हणजे पुढं एकूण 645 किलो वाढले. टायरातलं पाणी आणि चाकाची वजनं मागच्या एक्सलच्या बरोबर वर बसतात. त्यामुळं मागची चाकं जमिनीला धरून राहतात, पण पुढच्या एक्सलवरचा एक किलोही कमी होत नाही. वजन मागच्या एक्सलच्याही मागं टांगलं, तरच ते पुढचा भार उचलून धरतं. म्हणून थ्री पॉइंटला, म्हणजे मागं अवजार अडकवायच्या तीन दांड्यांना, ठोकळा.

माझ्याकडं काँक्रीटचा ठोकळा असा होतो. अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, सोळा इंच उंच. पाच घनफूट भरतात. एक घनफूट काँक्रीट 68 किलोच्या आसपास, म्हणजे 340 किलो, आणि लोखंडी फ्रेमचे चाळीसेक धरा. पिना नुसत्या काँक्रीटमध्ये रोवू नका, एवढं माझं ऐकाच. धक्के बसून काँक्रीट पिनेभोवती तडकतं आणि एक दिवस चालत्या ट्रॅक्टरचा ठोकळा रस्त्यात पडतो. खालून चॅनेल आरपार घ्यायचा, त्यालाच पट्ट्या वेल्ड करून खालच्या 22 मिलीच्या पिना, आणि तोच सांगाडा वर नेऊन टॉप लिंकचा (तिघांतल्या वरच्या दांड्याचा) कान. काँक्रीट फक्त भरावासारखं. ओतल्यावर पोती टाकून दोन आठवडे तरी भिजवत ठेवा, आपल्या उन्हात दोनच दिवसांत पाणी बंद केलं तर वरचा थर भुकटी होतो. ट्रॅक्टरच्या पुस्तकात लिफ्टची ताकद दिलेली असते, ती बघूनच वजन ठरवा. लिफ्ट कायम शेवटच्या किलोवर राबवायची नाही. रोटाव्हेटरनं वजनाचं काम होतं, पण तो रुंद असतो, 14 फुटांच्या ओळीत वळताना फांद्या मोडेल.

आता उतार. तुमच्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना आहेत. मागची चाकं हलकी झाली की ब्रेक असून नसल्यासारखा, तुमचं तेच झालं. उतारावर फोर व्हील ड्राइव्ह टाकलेलाच ठेवा, मग मागचा ब्रेक गिअरमधून पुढच्या चाकांनाही धरतो. भरलेली बकेट कायम चढाच्या बाजूला. म्हणजे चढताना सरळ, उतरताना रिव्हर्स, लो गिअरमध्ये. बकेट जमिनीपासून फूटभरच वर. धोंडे थटत असतील तर धोंडे वेचा, बकेट उचलू नका. आणि वळताना बकेट वर नकोच. पुढचा एक्सल मधल्या एका पिनवर झुलतो, तो ट्रॅक्टरला बाजूला कलंडताना सावरत नाही. सावरतात ती मागची दोन चाकंच.

कासेगाव द्राक्षवाला

वेल्डर भाऊंना दुजोरा. मी दोन वर्षं पाण्यावरच लोडर चालवला. मागं कधी उचललं नाही म्हणून निवांत होतो. मग पुढच्या हबच्या बेअरिंगी गेल्या, सील फुटून तेल गळायला लागलं, आणि ऐन छाटणीत ट्रॅक्टर आठ दिवस शेडला. उघडल्यावर एक्सलच्या मधल्या पिनेचं बुशसुद्धा एका बाजूनं झिजून चंद्रकोरीसारखं झालेलं. मिस्त्रीनं ते माझ्या तळहातावर ठेवलं, ते बघूनच मी ठोकळा केला. पुढच्या टायरांची हवाही बघा, लोडरच्या कामाला ती कमी चालत नाही.

सांगोल्याचा डाळिंबवाला

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

ठोकळा वेल्डर भाऊंच्या मापानं गावातच केला. नंतर पंढरपूर रस्त्याच्या वजनकाट्यावर गेलो. उसाचा हंगाम संपलेला, काटा मोकळा होता. काटेवाल्याला विनंती केली की आधी नुसती पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर घेतो, मग पूर्ण ट्रॅक्टर. न्यूट्रल करून ब्रेक सोडून उभा केला, म्हणजे आकडा खरा येतो. मी स्वतः सीटवर. रिकाम्या बकेटला पुढं 830, मागं 690 किलो. मुरूम भरल्यावर पुढं 1470, मागं फक्त 400. एवढ्याशा वजनावर मी भाच्याला उभं करून उतार उतरत होतो, हे त्या आकड्यात दिसलं तेव्हा पोटात खड्डा पडला. त्याला धरूनही मागं पाचशेच्या आतबाहेर, आणि तेही सपाट काट्यावर. बकेट वर आणि तोंड उताराला असताना किती उरलं असेल?

मग ठोकळा अडकवला. ठोकळा 380 किलो भरला. पुढं 1225, मागं 1025. काटेवाल्यानं आकडा दोनदा बघितला, म्हणाला, "मालक, 380 लावले आणि मागं 625 वाढले कसे?" त्याला कागदावर तराजू काढून दाखवला. पुढचे 245 मागं सरकले, एवढंच.

आता शेततळ्यावर भरलेली बकेट घेऊन रिव्हर्सनं उतरतो. पहिल्या दिवशी मान अवघडली, पण ट्रॅक्टर जमिनीला चिकटून राहतो आणि ब्रेक दाबला की तिथंच उभा राहतो. भाचा वीस फूट लांब, वरच्या अंगाला उभा राहून हातानं खुणा करतो.

दोन शंका राहिल्या. वळताना ठोकळा डावीउजवीकडं हेलकावे खातो, टक टक आवाज येतो. आणि काढून ठेवताना एकदा तिरका झाला, परत पिना जुळवायला तासभर गेला. त्यावर काय करता?

वेल्डर, मोहोळ

दादा, काट्यावर जाऊन आलात हे फार चांगलं केलंत. हे आकडे मी माझ्या शेडच्या भिंतीवर लिहून ठेवतोय, येणाऱ्याला दाखवायला.

हेलकावे चेक चेन, म्हणजे खालच्या दोन आर्मना बाजूनं धरणाऱ्या साखळ्या, ढिल्या असल्यामुळं. ठोकळा अडकवून फूटभर उचला आणि दोन्ही चेन सारख्या आवळा. ठोकळा डावीउजवीकडं बोटभरही हलायला नको. टॉप लिंक इतकी ठेवा की ठोकळा सरळ उभा राहील. काढून ठेवायला खाली चार कोपऱ्यांना अँगलचे सहा इंची पाय वेल्ड करा आणि शेडमध्ये फरशीवरच उतरवा. मातीत एक पाय रुततो, म्हणून तो तिरका होतो. पिना जुळवताना ठोकळा आणि ट्रॅक्टरच्या मधे उभं राहून कुणाला लिव्हर हलवायला सांगू नका. इंजिन बंद, खाली उतरा, मग पिना.

आणि रिकाम्या बकेटला ठोकळा लावलेला असताना जड बाजू मागची असते हे ध्यानात ठेवा. तेव्हा चढ रिव्हर्सनं आणि उतार सरळ. लोडरचं काम नसेल त्या दिवशी ठोकळा काढूनच ठेवा, मुरमाड रानात उगाच चाकाचा चेप कशाला. रात्री रस्त्यानं जाणार असाल तर मागच्या बाजूला लाल रेडियमची पट्टी चिकटवा, काँक्रीट अंधारात मागच्याला दिसत नाही.