मदत हवी आहे: जगात राहायचं, पण रेघ कुठे ओढायची?

जय ख्रिस्त मंडळी. चर्चमधल्या तरुणांचा बायबल अभ्यास मी घेतो आणि रोमकरांस पत्र 12:2 वर गाडी अडली आहे. या युगाशी समरूप होऊ नका, असं पौल म्हणतो. त्यावर एका मुलीने सरळ विचारलं, "मग इन्स्टाग्राम बंद करू का?"

मोठ्यांची उत्तरं ठरलेली असतात: सिनेमा नको, गाणी नकोत, टॅटू तर नकोच. पण 1 योहान 2:16 मध्ये डोळ्यांची वासना आणि संसाराची फुशारकी एकाच दमात येतात. नवी गाडी मिरवणाऱ्याला मात्र कुणी हटकत नाही. (मुलांना हे बरोबर दिसतं!)

मला दानीएलाचा पहिला अध्याय घ्यावासा वाटतोय. दानीएल म्हणजे बाबेलच्या राजाने बंदी करून नेलेला यहूदी तरुण. तो खास्द्यांची, म्हणजे बाबेलच्या लोकांची, विद्या आणि भाषा शिकला, त्याला बेलटशस्सर हे परकं नाव मिळालं, पुढे राजदरबारात चाकरीही केली. फक्त राजाच्या ताटातलं अन्न आणि द्राक्षारस नाकारला. बाकी सगळं चाललं, मग तिथेच का अडला? मोशेच्या नियमशास्त्रातले खाण्याचे निर्बंध हे एक कारण असेल, पण आजच्या मुलांना त्यावरून काय सांगायचं? शिवाय योहान 17:15 मध्ये येशू शिष्यांना जगातून काढून घे असं मागतच नाही, वाइटापासून राख म्हणतो.

तरुणांमध्ये काम केलेल्यांनी सांगा: ‘हे चालेल, ते नाही’ अशी यादी न देता चर्चा कशी पुढे न्यायची? आणि घरी आईवडिलांनी यादीच दिली असेल, तर त्यांच्याशी काय बोलता?