मदत हवी आहे: चंद्राचा वेग शून्य येतोय!

निशाचर_७७: टेलिस्कोपचा माउंट (फिरतं स्टँड) चंद्रामागे फिरवायचाय. ज्युलियन दिनांकावरून (सलग मोजलेल्या दिवसांचा आकडा) चंद्राचा भोगांश, म्हणजे क्रांतिवृत्तावरचा कोन, काढतो, ६.२८९ साइनवाली मुख्य दुरुस्ती आणि पुढच्या पाचसहा घातल्यात. मिनिटभराच्या अंतराने दोनदा काढून वजाबाकी केली की वेग शून्य, आणि मधेच एकदम तीन अंशांची उडी! स्थानही कधी बरोबर, कधी दीड अंश इकडेतिकडे. सूत्र तपासलंय, ते नका सांगू. पौर्णिमेआधी चालू व्हायला हवंय, प्लीज लवकर.

सदाफुली: साइनला अंश देताय की रेडियन?

निशाचर_७७: रेडियनच. लिहिलंय ना, सूत्र बरोबर आहे.

गोदाकाठ: पायथनमध्ये स्कायफील्ड ही खगोलगणिताची लायब्ररी घ्या, नासाच्या जेपीएलची डीई४४० ही ग्रहस्थानांची फाइल जोडा, स्थान आणि वेग दोन्ही चार ओळींत. मालिका हाताने कशाला लिहायच्या आता?

खटपट्या: माउंटच्या डबीत पायथन कुठे बसवणार? निशाचर, हे चालतंय कशावर ते सांगा आधी.

पंचांगप्रेमी: उत्तरातून अयनांश (सायन आणि निरयन भोगांशांतला फरक) वजा करा, सध्या साधारण २४, म्हणजे नक्षत्र बरोबर येईल.

गोदाकाठ: काका, नक्षत्र कुणी विचारलंय इथे?

निशाचर_७७: आर्डुइनो ऊनो, छोटा कंट्रोलर बोर्ड. सगळं डबलमध्ये (जास्त अंकांचा दशांश प्रकार) आहे, त्यामुळे अचूकतेचा प्रश्नच नाही.

खटपट्या: तिथेच तर गोची आहे. ऊनोवर डबल म्हणजे फ्लोटच (कमी अंकांचा प्रकार), ४ बाइट. ज्युलियन दिनांक २४ लाख ६० हजारांच्या वर गेलाय, एवढा आकडा त्यात पाव दिवसाच्या टप्प्यानेच बदलतो. सहा तास चंद्र जागचा हलत नाही आणि मग सव्वातीन अंश उडतो, तुमची उडी तीच.

गोदाकाठ: मग ईएसपी३२ बोर्ड घ्या, तिथे डबल ८ बाइटचा असतो, विषय संपला.

खटपट्या: बोर्ड बदलायची काही गरज नाही. १ जानेवारी २००० दुपारपासूनचे पूर्ण दिवस लाँगमध्ये (पूर्णांकाचा प्रकार) ठेवा, दिवसाचा अपूर्णांक वेगळा, आणि कोन काढतानाच एकत्र करा. वेगासाठी वजाबाकी करूच नका, मालिकेचंच अवकलन घ्या: रोजचे अंश = १३.१७६ + १.४३४ कॉस म + ०.२५२ कॉस(२ड−म) + ०.२८० कॉस २ड. म म्हणजे चंद्राचं मंदकेंद्र (पृथ्वीच्या सर्वात जवळच्या बिंदूपासून मोजलेला मध्यम कोन), ड म्हणजे चंद्र-सूर्यातलं कोनीय अंतर. उत्तर ११.७ ते १५.२ च्या बाहेर गेलं तर समजा आकडे लिहिण्यातच चूक झालीय.

निशाचर_७७: १४.२ आला आणि आता सलग बदलतोय!! पण चंद्र अजून आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) मधे येत नाही, क्षितिजाजवळ असला की जास्तच खाली दिसतो.

सदाफुली: ते लंबन. तुमचं स्थान पृथ्वीच्या केंद्रातून काढलेलं आहे, गच्चीवरून जवळजवळ एक अंशापर्यंत फरक पडतो. अक्षांश आणि स्थानिक नाक्षत्रवेळ (ताऱ्यांवरून मोजलेली वेळ) घालून दुरुस्ती करा.

निशाचर_७७: अंतर ३,८४,४०० किमी धरून चालेल?

सदाफुली: नको. ते साधारण ३,५६,५०० ते ४,०६,७०० बदलतं, लंबन ५४ कलांपासून ६१ कलांपर्यंत जातं (६० कला म्हणजे एक अंश). अंतर (किमी) = ३,८५,००१ − २०,९०५ कॉस म − ३,६९९ कॉस(२ड−म) − २,९५६ कॉस २ड, एवढं पुरेल. कोन तर काढलेलेच आहेत.